नाकाखालचं लिंबू

पाच मिनिटांचं काम म्हणून हेमराजने जे हातात घेतलं, त्याला येत्या पोळ्याला दोन वर्षं होतील.

झालं एवढंच, की लेक दिव्यानी इंजिनिअरिंगला नागपूरला गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर भद्रावतीच्या क्वार्टरमध्ये बापाच्या ताब्यात आला. त्यात विमान उडवायचा खेळ होता. हेमराज कारखान्यात स्टोअरकीपर. जन्मात कधी विमानात बसला नव्हता (नागपूरच्या विमानतळावर साहेबांना सोडायला गेला होता, तोही गेटपर्यंत). त्याने इंटरनेटवरून एक फुकटातलं विमान उतरवून घेतलं, पडद्यावर कौतुकाने चारी बाजूंनी फिरवलं, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. पंख धडाला जुळतो तिथे तांदळाच्या दाण्याएवढी फट होती. फटीतून पलीकडचं आभाळ दिसत होतं.

दुसरा कुणी असता तर विमान उडवून मोकळा झाला असता. हेमराजने ते आजतागायत उडवलेलं नाही. फट बुजवली तर खिडक्यांच्या काचा काळ्या पडल्या. काचा निवळल्या तर चाकं धावपट्टीत चार बोटं रुतली, धानाच्या बांधीतल्या चिखलात बैलबंडी रुतावी तशी.

असे खेळातल्या विमानांच्या चुका शोधणारे लोक जगभर आहेत आणि इंटरनेटवर त्यांचा एक गट आहे, हेही त्याला याच नादात कळलं. दुरुस्त केलेलं विमान गटाकडे पाठवायचं. तिकडे हान्स नावाचे एक रिटायर पायलट ते तपासायचे. पास झालं, की दुरुस्त करणाऱ्याचं नाव कायमचं यादीत चढायचं. बावीस वर्षं नट-बोल्टांच्या याद्या लिहिणाऱ्या हेमराजला या एका यादीत स्वतःचं नाव हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. पण हान्ससाहेबांनी विमान दोनदा परत धाडलं होतं. तिसऱ्यांदा नापास झालं तर ते दुरुस्तीला ब्राझीलच्या एका माणसाकडे जाणार होतं. रविवार ही शेवटची तारीख.

बायको नीलिमा हिचीही एक फट होती, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराखालची. तिथून घूस यायची आणि बटाटे न्यायची.

"अजी, विमानाची दाण्याएवढी फट तुमाले दिसते," ती म्हणायची, "अन् दाराखालून मांजरीएवढी घूस येते थे दिसत नाई?"

"करतो ना. पाच मिनिटाचं काम हाय."

"तुमचे पाच मिनिटं म्या पाह्यले."

गेल्या महिन्यापासून मात्र तिने म्हणणं सोडून दिलं होतं. झाली असेल सवय, असं हेमराजला वाटलं. त्याला दुसऱ्याच काळज्या होत्या. चाकांसाठी खरा टायर जवळून पाहावा म्हणून तो मागच्या अंगणात गेला, तर स्कूटरचा जुना टायर जागेवरून गायब. भंगारवाल्यानेच उचलला असणार, असं ठरवून त्याने दोन दिवस त्या गरीब माणसाकडे डोळे वटारून पाहिलं.

अशात शनिवारी सकाळी सावली गावाहून त्याची आई केसरबाई आली. पदराने चष्मा पुसून तिने पडद्याकडे पाहिलं.

"नवी गाडी व्हय का रे?"

"विमान हाय, माय."

"मंग निंबू-मिरची कुठी हाय?"

केसरबाईच्या घरात बैलबंडीपासून पिठाच्या चक्कीपर्यंत काहीही लिंबू-मिरचीशिवाय फिरलेलं नव्हतं.

"अवं, खरं नाई हाय थे. चित्र हाय नुसतं."

"चित्र हाय तं दोन वर्सापासून बायकोले काऊन तरसवून राह्यला? अन् दोनदा वापस आलं म्हणते नीलिमा. येईनच! असं उघडं धाडलं तं नजर नाई लागन?"

नीलिमा पदर तोंडाला लावून आत गेली. तिचे खांदे हलत होते.

म्हातारीचं मन राखावं म्हणून हेमराजने विमानाच्या नाकाखाली एक लिंबू आणि सात मिरच्या रेखून टांगल्या. तिने हात जोडले की लगेच काढायच्या, असंच त्याने ठरवलं होतं. पण लिंबू चेंडूसारखं गोल झालं होतं, आणि ते काही त्याच्या डोळ्यांना सहन होईना. त्याने स्वयंपाकघरातून खरं लिंबू आणून समोर ठेवलं. मग त्याचं टोक, सालीवरची बारीक छिद्रं, तिसऱ्या मिरचीचा बाक, देठांचा वाळलेला रंग. जेवणाच्या वेळी नीलिमा वरणात पिळायला लिंबू मागायला आली, तर हा म्हणतो, "थांब, एका बाजूची सावली राह्यली." प्रत्येक वस्तूला करणाऱ्याचं नाव द्यावं लागे. त्याने गमतीने 'केसरबाई, सावली' असं घातलं.

रविवारी दुपारी चाकांशी झटापट चालू असतानाच लाइट गेली. इन्व्हर्टर कुंई कुंई करू लागला. हेमराजने देवाचं नाव घेतलं आणि आहे तसं विमान धाडून दिलं.

सोमवारी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसलेल्या वारलूने डबा उघडला. डब्यात तळलेली मिरची होती. ती पाहताच हेमराजच्या हातातला घास हातातच राहिला. मग त्याने लेकीला फोन लावला.

"दिव्यानी, इंटरनेटवर धाडलेलं वापस घेता येते का वं?"

"नाई बाबा. काऊन, काय धाडलं?"

"निंबू."



"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही जेवले का?"

बुधवारी उत्तर आलं. हेमराज कॉम्प्युटरपुढे बसला, आई आणि बायको पाठीशी उभ्या राहिल्या, आणि तो इंग्रजीचं मराठी करत वाचू लागला. पंखाची फट पुन्हा दिसते. काचा परत काळपट आहेत. चाकं आता रुतत नाहीत, पण जमिनीच्या वर तरंगतात. विमान नापास. ते ब्राझीलला दिलं आहे.

पुढचं त्याला मोठ्याने वाचवेना, पण केसरबाई सोडते होय?

नाकाखालचं फळ आणि सात मिरच्या: निर्दोष. इतकी बिनचूक वस्तू आमच्याकडे कधी आली नव्हती. गटातल्या सगळ्यांनी ती आपापल्या विमानाला लावायला मागितली आहे. करणाऱ्याचं नाव यादीत चढवलं आहे.

हेमराजने यादी उघडली. तळाशी नवं नाव होतं: केसरबाई, सावली.

"म्या म्हटलं होतं ना!" केसरबाई खुशीत म्हणाली. "अन् तुह्या विमानाचं काय झालं मंग?"

"त्याले नजर लागली," नीलिमा म्हणाली.

हेमराजला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, रडू यायचंच बाकी होतं. नीलिमाने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला, तेव्हा तर त्याला आणखीच भरून आलं. जगाने नाकारलं तरी घर आपलं आहे, आणि घरात आपल्या हातांची वाट पाहणारी एक फट आहे, हे त्याला आठवलं. त्याने हातोडी काढली, चार खिळे दातांत धरले आणि ताठ मानेने मागच्या दाराशी गेला. वाकला. मग गुडघे टेकले. शेवटी गाल फरशीला लावून पाहिलं.

दाराखाली काळ्या रबराची पट्टी चोख बसली होती. खिळे सारख्या अंतरावर होते. पट्टीवर स्कूटरच्या टायरची नक्षी साफ दिसत होती.

त्याने दातांतले खिळे काढले. "नीलिमा, फट कुठी गेली वं?"

"महिना झाला जी बुजवून," नीलिमा चुलीपासूनच म्हणाली. "पाच मिनिटं लागले. घुशीले पहिल्याच दिवशी समजलं होतं."