शरदभाऊ आणि त्यांचा सर्चवाला

शरदभाऊ पिंपळापुरे रोज सकाळी स्वतःलाच फोन करतात आणि मग फोन करणाऱ्याचा संशय घेतात.

तुम्हाला खोटं वाटेल. पण त्यांचं दुकान माझ्या ओट्याच्या बरोबर समोर आहे आणि मला सगळं दिसतं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातली आमची गल्ली एवढी अरुंद की मी इकडे लसूण सोलायला बसले तर तिकडे त्यांना वास जातो. शटर वर गेलं की ते एक फोन डाव्या हातात घेतात, एक उजव्या. डाव्या फोनवर 'मिक्सर रिपेरिंग' असं बोलून शोधतात. आपली जाहिरात दिसली की तिच्यावर बोट दाबतात, आणि मग आत दिलेल्या नंबरावर. मग उजवा फोन वाजतो. तो कानाला लावून विचारतात, "कोण बोलून राहिलं? नंबर कोणी दिला?" उत्तर द्यायला कोणी नसतं, तरी ते थोडा वेळ कान देऊन ऐकतात.

जाहिरातीवर बोट दाबलं की दुकानदाराचे पैसे कापले जातात, हे मला माझ्या सुनेनं, रश्मीनं सांगितलं. मी लगेच त्यांना विचारलं, "शरदभाऊ, आपल्याच जाहिरातीवर बोट दाबून आपलेच पैसे काहून घालवता?"

"वैनी, दाबून पाहिलं नाही तर कळंल कसं? पैसे घेतले आन जाहिरात लावलीच नाही तर? त्याले पाहिलं आहे का आपण? कुठी बसते तो, त्याचा बाप कोण, काही माहीत आहे?"

'तो' म्हणजे सर्चवाला. मोबाइलमध्ये काही शोधलं की उत्तर देणारं जे काही आहे, त्याला शरदभाऊ सर्चवाला म्हणतात. त्यांच्या डोक्यात तो कुठेतरी गादीवर बसलेला एक जाडा माणूस आहे आणि त्याची नजर यांच्या गल्ल्यावर आहे.

हा माणूस आजचा असा नाही. कोथिंबिरीची जुडी सोडून आत गवत आहे का पाहतो. गिऱ्हाइकानं मिक्सर आणला की त्याच्यासमोर भांड्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावतो, म्हणजे उद्या कोणी 'माझं भांडं बदललं' म्हणायला नको. मुलगी पाहायला गेले होते तेव्हा पोहे खरंच मुलीनं केले का हे बघायला थेट स्वयंपाकघरात शिरले. पुढे त्यांची बायको झालेल्या कुंदानं त्यांच्या हातात खलबत्ता दिला. म्हणाली, "आलेच आहात तर शेंगदाणे कुटा." हे कुंदानंच मला सांगितलं होतं, आणि सांगताना तिला ठसका लागेपर्यंत हसू आलं होतं.

दुकान खरं म्हणजे कुंदानं चालवलं. शरदभाऊ मागे मिक्सरमध्ये डोकं घालून बसत, ती पुढे स्टुलावर. फोन तीच घेई. शरदभाऊंनी एखाद्या गिऱ्हाइकाला 'हे तुम्हीच पाडलं असंल' म्हणून हाकलून लावलं, की कुंदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन त्याला परत आणी. हात बरा होता माणसाचा, तोंड बरं नव्हतं. मागच्या वर्षी ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आठवड्यात आटोपलं.

त्यानंतर दुकानात माणूस येईनासा झाला. मुलगा निखिल पुण्याला असतो. तो आला आणि सरळ म्हणाला, "बाबा, दिवाळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक. नाहीतर विकून टाकू आणि तुम्ही माझ्याकडे या." वाईट बोलला नाही पोट्टा. पण शरदभाऊ एकदा पुण्याला राहून आले आहेत.

"तिथी गेटवरचा गार्ड मले विचारते, कहाँ जाना है. रोज विचारते! वैनी, मी दुसऱ्याले विचारणारा माणूस."

म्हणून ही जाहिरात. दिवाळीच्या आत दुकान चालतं करून दाखवायचं, नाहीतर रायपूर सोडायचं. एवढंच होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

आधी एका जाहिरात कंपनीतून मुलीचा फोन आला. गोड बोलत होती. "सर, हम आपको पहले पेज पर ले आएँगे."

"पहिल्या पानावर चोर राहते नाहीतर पुढारी. मले काय करायचं आहे तिथी?" असं म्हणून यांनी तिला उलटं विचारलं, "तुमच्या घरी मिक्सर कोणता आहे?" तिनं फोन ठेवला. "पाहा," मला म्हणाले, "उत्तर नाही. याच्यात काहीतरी आहे."

शेवटी रश्मीनं बसून जाहिरात करून दिली. रश्मी भनपुरीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते. मराठी समजते तिला, पण उत्तर हिंदीत देते. मी आता बोलणं सोडलं आहे त्याबद्दल. तर लोकांनी काय शोधलं की आपलं नाव दिसावं, ते शब्द द्यावे लागतात म्हणे. मिक्सर, कुकर, शेगडी असे शब्द तिनं घातले. शरदभाऊ म्हणाले, "एक राहिला. धोका."

"काका! लोग 'मिक्सर धोखा' ढूँढेंगे और आपका नाम आएगा?"

"हव. येऊ दे. फसलेला माणूसच धड दुकान शोधते. न फसलेला स्वस्त शोधते."

रश्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घाल बाई.

जाहिरात सुरू झाली. रश्मी दर रविवारी पाहून सांगे की लोक बोट दाबत आहेत. यांचं स्वतःचं बोट सोडून इतरही दाबत होते. पैसे जात होते. पण दुकानात कोणी येईना. फोनही एखादाच. हे कसं, ते मलाही कळेना. मला त्या सर्चवाल्याचा भरवसा पहिल्यापासून नव्हता. ज्याचं तोंड दिसत नाही त्याला पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे आणि ते मी बोलून दाखवलं होतं.

शरदभाऊंचा पहिला संशय ठाकूरवर. ठाकूरचं पण मिक्सरचंच दुकान, देवळापलीकडे. "तोच बसल्या बसल्या माझ्या जाहिरातीवर बोट दाबून राहिला. माझे पैसे संपवून राहिला." कोणाला न सांगता हे जाऊन देवळाच्या पायरीवर बसले, चपला काढून, हात जोडून, आणि सकाळभर ठाकूरच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. पुजाऱ्याला वाटलं भक्ती वाढली. त्यानं दोनदा प्रसाद दिला. शेवटी ठाकूरनंच हाक मारली, "अरे पिंपळापुरे भैया, इधर आओ, ज़रा ये नंबर पढ़ के लगा दो. मोतियाबिंद पक गया है, कुछ दिखता नहीं." फोन बटणांचा होता. त्यावर जाहिरातच दिसत नाही, तर दाबणार काय? शरदभाऊंनी नंबर लावून दिला आणि परत आले. मला म्हणाले, "दिसत नाही म्हणते. खरंच दिसत नाही का, ते कोणी पाहिलं?"

दुसरा संशय निखिलवर. पोराला दुकान विकायचं आहे, तोच पुण्याहून काहीतरी करत असेल. हे फोनवर बोलले पोराला. नंतर बरेच दिवस पोराचा फोन आला नाही.

मग नवरात्र बसलं, आणि एक दिवस सिलतऱ्याच्या एका कारखान्यातला माणूस कॅन्टीनचा मोठा मिक्सर खांद्यावर घेऊन गल्लीतून चालला होता. शरदभाऊंचं शटर उघडं पाहून थबकला.

"अरे, आप खुले हो? मैं तो ठाकूर के यहाँ जा रहा था. फोन में तो आपका दुकान बंद बता रहा है."

"कोण सांगते बंद?"

"लिखा है भैया. हमेशा के लिए बंद."

त्यानं दाखवलं. जाहिरातीत दुकानाचं नाव, आणि त्या नावानं शोधलं की नकाशावर लाल अक्षरांत 'स्थायी रूप से बंद'. म्हणजे पैसे देऊन माणूस बोलवायचा, आणि त्यानं पत्ता शोधला की त्याला सांगायचं की हे दुकान संपलं. शरदभाऊंनी ते वाचलं. त्या माणसाचा मिक्सर घेतला, नेलपॉलिशचा ठिपका लावायला विसरले, आणि सरळ रस्ता ओलांडून माझ्या ओट्यापाशी आले.

"वैनी, तुम्हीच म्हटलं होतं का नाही? 'बंद करा आता हे दुकान, सुखानं राहा.' म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं. तोंडावर म्हटलं होतं."

"मग तुमच्या घरी रश्मी आहे. तिले सगळं येते."

मी हातातली परात खाली ठेवली. "शरदभाऊ, मले तुमचं दुकान बंद करायचं असतं ना, तर मी तुमच्या शटरले कुलूप घालून चाबी नाल्यात टाकली असती. मोबाइलमध्ये कशाले जाऊ? निघा इथून."

निघाले. त्या दिवशी मी ओट्यावर बसलेच नाही. राग आला होता. एवढी वर्षं समोरासमोर काढली, कुंदाच्या तोंडात पाणी मी घातलं, आणि हा माणूस मला चोर म्हणतो.

रश्मी ऑफिसातून आली तेव्हा मी तिला सांगितलं, त्या दुकानात पाय ठेवू नकोस. ती म्हणाली, "मम्मीजी, दिवाळी सिर पे है. काका पुणे चले जाएँगे तो आप लड़ोगी किससे?" आणि चप्पल घालून गेली. मग मी पण गेले, तिला परत आणायला म्हणून.

शरदभाऊंनी फोन तिच्या हातात देताना आधी स्वतःच्या सदऱ्याला पुसला. रश्मीनं मालकाचं पान उघडलं; जाहिरात करताना ते उघडायची वेळ आली नव्हती. दुकानाच्या मालकाला सर्चवाला एक वेगळं पान देतो, त्यात वेळ, पत्ता, फोटो असं असतं. ती पाहत होती आणि हे बोलत होते. "ठाकूरले दिसत नाही, तर त्याच्या पोरीनं केलं असंल. नाहीतर त्या गोड बोलणारीनं. सूड! मी सांगतो."

"काका," रश्मी म्हणाली, "बाहर वाला कोई लिखता ना, तो यहाँ आपसे पूछता, सही है या ग़लत. ये बाहर से नहीं हुआ. मालिक के खाते से हुआ है. इसी फोन से."

"माझ्या फोनले कोण हात लावते?"

"कोई नहीं लगाता, काका."

शरदभाऊंनी स्क्रू ड्रायव्हर उचलला, त्याचं टोक पाहिलं, खाली ठेवला.

"सुतक होतं," ते म्हणाले.

रश्मीनं फोनमधून मान वर केली.

"तेरवीपर्यंत दुकान उघडता येत नव्हतं. आन फोन वाजून राहिला होता. याच नंबरावर. सगळे तिलेच मागत. 'दीदी हैं क्या?' 'दीदी, मेरा कुकर हुआ क्या?' किती जणाले सांगू? म्हटलं, याच्यात बंद लिहून टाकतो, म्हणजे कोणी फोन करणार नाही. बंद दाबलं तर त्यानं विचारलं, थोड्या दिवसांसाठी का नेहमीसाठी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मले काय माहीत, वैनी? त्या दिवशी मले जे वाटलं ते दाबलं. खोटं कसं सांगू?"

इतक्या वर्षांत या माणसानं कोणाचं काही खरं मानलं नव्हतं. आणि कोण कुठला तो सर्चवाला, त्यानं एक प्रश्न विचारला, तर त्याला मात्र मनातलं सांगून बसला. आम्ही तेव्हा रोज डबा घेऊन जात होतो. त्यातलं कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं. जेवलात का, एवढंच विचारत होतो.

रश्मीनं 'उघडं आहे' दाबलं. पण काम झालं नाही. सर्चवाल्याला आता संशय आला. एकदा नेहमीसाठी बंद म्हणालात, आता उघडं म्हणता, तर दुकान आहे आणि तुमचंच आहे हे दाखवा, म्हणाला. व्हिडिओ काढून पाठवा. गल्ली दिसली पाहिजे, पाटी दिसली पाहिजे, कुलूप तुम्हीच उघडताना दिसलं पाहिजे, आत तुमची हत्यारं दिसली पाहिजेत.

मला वाटलं आता हे भडकतील. नाही भडकले. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले. "मी असतो तर मी बी विचारलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले. शटर खाली ओढून कुलूप लावलं, पुन्हा उघडण्यासाठी. रश्मी फोन धरून रस्त्यात उभी. मी दोन्हीकडच्या स्कूटरवाल्यांना थांबवून ठेवलं. एक जण भोंपू वाजवायला लागला तर त्याला सांगितलं, "रुक, मुकदमा चालू है."

शरदभाऊंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. एरवी कॅमेरा दिसला की तोंड फिरवतात. "हे ब्राह्मणपारा," म्हणाले. "ही पाटी. हे कुलूप, ही चाबी. पाहून घ्या, लागते." शटर वर गेलं. रश्मी त्यांच्यामागे आत शिरली. "हे पाने. ही ग्राइंडिंगची मशीन. हे सिलतऱ्यावाल्याचं भांडं, त्याचंच आहे, बदललं नाही."

मग पुढच्या स्टुलापाशी थांबले. कुंदा गेल्यापासून त्यावर कोणी बसलेलं मी पाहिलं नाही. बसायला येणाऱ्याला हे बाहेरचा बाक दाखवत.

"हा स्टूल तिचा," ते कॅमेऱ्याला म्हणाले. "ती इथी बसत होती. फोन तीच घेत होती. आता मी घेईन. मले गोड बोलता येत नाही, पण घेईन." सदऱ्यानं स्टुलावरची धूळ पुसली. "तुम्ही विचारलं होतं तेव्हा, म्हणून सांगितलं."

रश्मीनं फोन खाली घेतला. ओढणीनं नाक पुसलं. "काका, वो आखिर वाला उनको नहीं चाहिए. वो तो बस औज़ार देखते हैं. काट दूँ?"

"राहू दे," शरदभाऊ म्हणाले, आणि स्टूल ओढून त्यावर बसले.