चार डझनी

आमच्या शेजारच्या भाऊकाकांना चुकूनही "मी बरा दिसतो का?" असं विचारू नये. ते एक डोळा मिटून तुम्हाला न्याहाळतात आणि निकाल देतात, "सहा डझनी!" जन्म आंब्याच्या बागेत गेलेला. पेटीत डझन कमी तितका आंबा मोठा, हा हिशेब त्यांनी माणसांच्या प्रकृतीलाही लावला. चार डझनी म्हणजे ठणठणीत, सहाच्या पुढचा गेला कॅनिंगला, रस काढायला! आमचा जिमवाला भाचा दंड फुगवून समोर उभा राहिला, तर म्हणाले, "पाच. देठाशी मऊ आहेस, मेल्या." पोराने आठवडाभर शर्ट काढला नाही. स्वतःलाही सूट नाही. शिंक आली की "मी गेलो कॅनिंगला!" आणि ती शिंक ऐकून पूर्णगडच्या होड्या वादळ आलं म्हणून बंदरात परततात.

गेल्या एप्रिलात त्यांची पुतणी मुक्ता सुट्टीवर आली. डॉक्टरी शिकते. सोबत कॉलेजचा तक्ता. एकेका आजारपणातलं जगणं कितपत जगण्यासारखं, याला शंभरपैकी गुण द्यायचे. वर्गाचे देऊन झाले होते, आता गावाचे हवे होते.

"सर्दी, काका?"

"कॅनिंग. शून्य लिही."

"गुडघेदुखी?"

"शून्य. झाडावर चढता येत नाही तो जगतो कशाला?"

पुढचं मुक्ताने हळू वाचलं. "एक अंग लुळं. वाचा गेलेली. कायम अंथरुणात."

"चार डझनी. नव्वद लिही."

"काका, वर्गात दहाच्या वर कुणीच दिले नाहीत. मीसुद्धा."

"मग अख्खा वर्ग कॅनिंगला! ऊठ गो, चल."

पडवीत खाटेवर काकू होत्या. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून अशाच. खाटेजवळ पेंढा, रिकाम्या पेट्या आणि आंब्यांचा ढीग. भाऊकाकांनी एक आंबा त्यांच्यासमोर धरला. काकूंनी पाहिलं, डाव्या हाताची पाच बोटं वर केली. आंबा पाचाच्या पेटीत गेला. दुसरा धरला. नुसती मान हलली. तो कॅनिंगला.

"माझ्या पेटीला बाजारात कुणी नाव ठेवलंय?" भाऊकाका गरजले. "निवड हिची! मी नुसता हमाल. आणि हिला दहा?"

एवढ्यात पेंढ्याची धूळ नाकात गेली. घराची कौलं हलली.

"मी गेलो कॅनिंगला!"

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, आंब्याकडे पाहतात तसंच. मग हात उचलला. अंगठा मुडपायला थोडा वेळ लागला.

चार बोटं.

भाऊकाका पाठ फिरवून कितीतरी वेळ पेंढा सारखा करत बसले.