हिरामण मास्तरांची माळ

आमच्या हिरामण मास्तरांच्या गळ्यात माळ असते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, माणूस कुठल्या तरी बाबाच्या नादी लागलेला दिसतो. जवळ गेल्यावर कळतं, त्या काळ्या दोऱ्यात मणी नाहीत, पेनड्राइव्ह ओवलेले आहेत. लाल, निळे, एक चांदीच्या रंगाचा. ज्यांची टोपणं हरवली त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवलेले. मास्तर चालायला लागले की ती माळ शर्टाच्या गुंड्यांवर टिकटिक वाजते. लाखांदूरला घर बांधताना मी पाण्याची चौकशी केली, बसस्टँड किती लांब आहे ते पाहिलं. शेजारी कोण आहे हे पाहायचं राहून गेलं.

मास्तर शाळेचे नव्हेत, पेटीचे. भीमगीतांचे कार्यक्रम, लग्नं, कुणाच्या नातवाचा वाढदिवस, जे येईल ते. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा ते पेटीच वाजवायचे. पुढे कीबोर्ड आला. त्यानंतरच्या कीबोर्डाला पाठीमागे पेनड्राइव्ह लावायची जागा निघाली आणि तेव्हापासून मास्तरांचं डोकं फिरलं, असं माझी बायको म्हणते. माझं मत जरा वेगळं आहे. डोकं आधीच फिरलेलं होतं, सोय नंतर झाली.

त्या कीबोर्डावर एक बटन होतं. ते दाबलं की कार्यक्रम पेनड्राइव्हमध्ये भरला जाई आणि भरत असताना पेनड्राइव्हचा बारीक दिवा लुकलुके. तो लुकलुकतोय तोवर पेनड्राइव्ह लिहितोय, तेव्हा उपसला तर सगळं बिघडतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं. मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे जगातल्या प्रत्येक गोष्टीला तोच नियम लावला. "दिवा इझू द्या, भाऊ." एसटी स्टँडात येऊन उभी राहिली तरी इंजिन बंद होईपर्यंत मास्तर जागचे हलत नसत. मागचे लोक ढकलायचे, कंडक्टर ओरडायचा, मास्तर शांत. "गाडी अजून लिवून राहिली गा. दिवा इझू दे." आमच्या घरी नवराबायकोचं भांडण जुंपलं की भिंतीपलीकडून हाच उपदेश यायचा. त्यानं भांडण मिटत नसे, पण दोघांचा राग मास्तरांकडे वळायचा, हे खरं.

एकदा त्यांच्याकडचे पेनड्राइव्ह संपले म्हणून माझा नेला. त्यात माझ्या ऑफिसचा वार्षिक अहवाल होता. मी तसं बजावून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह परत आला तो धुतल्या तांदळासारखा स्वच्छ.

"मास्तर, माहा अहवाल कुठं गेला?"

"मले का माईत? कीबोर्डानं इचारलं, हे समदं पुसू का? मी म्हटलं, हव."

"हव काहून म्हटलं?"

"यंत्र एवढ्या अदबीनं इचारून राहिलं, भाऊ. त्याले नाई कसं म्हणाव?"

मी आठवडाभर खपून अहवाल पुन्हा लिहिला. साहेबांनी तो आजवर मागितलेला नाही. तेव्हापासून मी ऑफिसातही फारसं मनाला लावून घेत नाही.

पण मास्तरांची गोष्ट सदाशिवाय पुरी होत नाही. सदाशिव कोंढ्याचा. धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या चिखलात आणि बाकीच्या दिवसांत माइकपुढे. मास्तर वाजवणार आणि सदा गाणार, अशी ही जोडी पेटीच्या काळापासूनची. सदाचा आवाज असा, की जनरेटर बंद पडला तरी शेवटच्या रांगेतली म्हातारी मान डोलवत राहायची. त्याला ना माइक लागे, ना चहा. लागायचा फक्त खर्रा, तंबाखू-सुपारीचा. पुडी शर्टाच्या खिशात आणि गोळी गालात. दुसरं कडवं संपलं की सदा मान डावीकडे वळवून खर्रा या गालातून त्या गालात घ्यायचा. तेवढा वेळ भरून काढायला मास्तर एक छोटीशी गिरकी वाजवायचे. गावोगावच्या लोकांना ती गिरकी पाठ होती. नव्या पोरांना वाटायचं ती चालीतच आहे.

त्या माळेतला एकेक पेनड्राइव्ह म्हणजे सदाच्या गाण्याचं एकेक गाव होतं. हा करडीचा, हा कोंढ्याचा, हा लाखांदूरच्या जयंतीचा. गोंदियाकडच्या गावांचे वेगळे ठेवा म्हटलं तर मास्तर चिडायचे. "जिल्हा तुटला असन कागदावर. सदाचा आवाज काई तुटला नाई." कार्यक्रमात कुणी मोबाइल वर धरला की मास्तर वाजवता वाजवता डोळे वटारत. "ठेव खाली. आवाज चोरून नेतेत लेकाचे."

आणि एवढं भरून ठेवलेलं ते स्वतः कधी ऐकत नसत. कॅसेटच्या काळात त्यांची एक आवडती कॅसेट वाजवून वाजवून घासली होती आणि शेवटी तिच्यातला गाणारा पाण्यात बुडाल्यासारखा ऐकू यायचा. तो धसका त्यांनी घेतला तो घेतलाच.

"मास्तर, पेनड्राइव्ह नाई घासत. एखाद्या बार आयकून त पाहा," मी कितीदा सांगितलं.

"वाजवलं का घासते. दिसत नाई, पन घासते."

"मंग भरून कायले ठेवता?"

"तुमी बँकेत पैसे ठेवता. रोज काढून मोजता का?"

मास्तरांशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. थकलेले पुष्कळ पाहिले आहेत, त्यात मी एक.

मग सदाचा आवाज बसायला लागला. आधी थंडी म्हणाले, मग धूळ म्हणाले, मग नागपूरच्या डॉक्टरांनी खरं काय ते सांगितलं. घशात गाठ होती. ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, आवाज मात्र कायमचा जाईल. सदानं तिथल्या तिथं नाही म्हणून सांगितलं. बायको रडली, भाऊ रागावला, पण तो ऐकेना.

मास्तर मला सोबत घेऊन नागपूरला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सदा बाकावर बसला होता. आवाज आधीच फाटका झाला होता. त्या फाटक्या आवाजात तो म्हणाला, "आवाजच नाई त मी कोन, हिरामण? जितके दिवस हाय, तितके दिवस गातो."

मास्तरांनी गळ्यातली माळ काढली. इतक्या वर्षांत चारचौघांत ती निघालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती त्यांनी सदाच्या गळ्यात घातली.

"हे पाह्य. तुहा समदा आवाज इथं हाय. डॉक्टर काय नेऊन नेऊन नेईल? तू ऑपरेशन करून घे. तुले पायजे तवा आयकवतो. माहा शब्द हाय."

सदा बराच वेळ एकेक पेनड्राइव्ह चाचपत बसला. मग माळ परत करून त्यानं कागदावर सही केली. एक माणूस त्या माळेच्या भरवशावर वाचला. मास्तरांवर मी हजारदा वैतागलो असेन, पण त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला.

ऑपरेशन नीट झालं. सदा बरा होऊन गावी आला आणि एके दिवशी दुपारी एसटीनं लाखांदूरला उतरून मास्तरांच्या दारात आला. गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, अंगानं निम्मा झालेला. येताच त्यानं मास्तरांच्या छातीवरच्या माळेकडे बोट दाखवलं. शब्द दिला होता, आता तो पुरा करायचा होता. मास्तरांनी मलाही हाक मारली. परसात जाऊन हातपाय धुऊन आले, कीबोर्डावरचं कापड काढलं आणि करडीचा पेनड्राइव्ह निवडला. "करडीले तू लय भारी गायला होता."

वाजायला लागलं. सुरुवातीचे सूर, मागून कीबोर्डाचाच ठेका. मास्तर सदाकडे बघून हसले. "थांब, आता तू येतं."

सदा आला नाही. मुखड्याची जागा आली आणि गेली, नुसते सूर वाजत राहिले. मास्तरांनी आवाज वाढवला. सूर मोठे झाले, सदा नाहीच. त्यांनी कोंढ्याचा लावला, मग जयंतीचा, मग चांदीच्या रंगाचा. सगळीकडे मास्तर होते. सदा कुठेच नव्हता.

मला कळलं, आणि न सांगून भागणार नव्हतं. कीबोर्डाला कान नसतात. त्याच्या पोटात जे वाजतं तेवढंच तो पेनड्राइव्हला देतो. सदाच्या माइकची वायर तर मांडववाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जायची आणि तिथून भोंग्यात. इतकी वर्षं दोघं एकमेकांना खेटून बसले, पण कीबोर्डानं सदाला एकदाही ऐकलं नव्हतं. मास्तरांनी एकदा जरी लावून पाहिलं असतं तरी हे कळलं असतं. आणि ज्यांनी मोबाइलवर सदाला घेतलं असतं, त्यांना मास्तरांनीच डोळे वटारले होते.

मास्तर खाली बसले. "मी तुले फसवलं, सदा," ते म्हणाले. "तू नाई म्हणत होता. मी तुहा आवाज कापाले लावला अन् माह्यापाशी काईच नाई." आणि ते पोरासारखे रडायला लागले. मी कीबोर्ड बंद करायला उठलो.

सदानं माझा हात धरला. राहू दे, अशी खूण केली. चांदीच्या रंगाचा पेनड्राइव्ह वाजतच होता. दुसरं कडवं संपलं आणि मास्तरांची ती छोटी गिरकी आली. सदाची मान आपोआप डावीकडे वळली.

गालात खर्रा नव्हता. तो कधीच सुटला होता. मान मात्र वळली. ते त्याच्याच लक्षात आलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हाही रडतोय. सदा हसत होता. त्यानं मास्तरांच्या गुडघ्यावर थाप मारली, मानेकडे बोट दाखवलं, गालाकडे दाखवलं आणि पुन्हा हसला. आवाज काही निघत नव्हता.

मग तिसरं कडवं सुरू झालं आणि सदा गायला लागला. म्हणजे ओठ हलायला लागले, हात उठायला लागला. तो जिथे श्वास घेई तिथे सूर थांबत होते. तो जिथे ओळ लांबवी तिथे ठेका त्याच्यासाठी खोळंबत होता. मास्तर जन्मभर ज्याच्यासाठी जिथे जिथे थांबले होते, ते थांबणं सगळं त्या पेनड्राइव्हमध्ये भरलं गेलं होतं. सदाला आपली प्रत्येक जागा सापडत होती. माझे डोळे भरून आले, आणि या वयात ते लपवायचा मला कंटाळा येतो.

गाणं संपलं. मास्तरांनी सवयीनं पेनड्राइव्हकडे हात नेला. सदानं एक बोट वर केलं. पुन्हा.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते काय म्हणणार हे मला इतक्या वर्षांच्या शेजारानं पाठ होतं. वाजवलं का घासते.

त्यांनी बाहीनं नाक पुसलं, उरलेली सगळी माळ सदाच्या मांडीवर ठेवली आणि बटन दाबलं.

"घासू दे," ते म्हणाले.