बाकांचं व्हार्निश

"आशीर्वाद व्हायच्या आत अर्धं चर्च रिकामं होतं," असं पाळकसाहेबांनी शनिवारी जेवताना पुन्हा एकदा सांगितलं. औषधवाला प्रवचन चालू असतानाच गाडीची किल्ली हातात घेऊन बसतो, शिंपीणबाई मोबाइलवर गिऱ्हाइकांना उत्तरं देते. उद्याही हेच झालं तर आपण राजीनामा देणार, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

बायकोनं पाणी पुढे सरकवलं. "आणि तुम्ही हो? तुम्ही तरी कुठे असता तिथे? प्रार्थनेत कागदावरून मान वर येत नाही तुमची."

पाळकसाहेबांना ते झोंबलं.

लोकांत भक्तिभाव परत यावा म्हणून त्यांनी सगळ्या बाकांना आणि स्वतःच्या खुर्चीला व्हार्निश लावून घेतलं होतं. जागा चकाकली की माणसं नीट वागतात, असा त्यांचा अंदाज. हवा दमट आहे, सोमवारपर्यंत कुणाला बसवू नका, असं रंगाऱ्यानं बजावलं होतं. पाळकसाहेबांनी बोट लावून पाहिलं, कोरडं वाटलं, आणि त्याची बोळवण केली.

रविवारी प्रवचन भक्तीवरच होतं आणि चांगलंच लांबलं. बसलेल्यांची ऊब लागली, तसं वरून वाळलेलं व्हार्निश आतून मऊ पडलं. प्रवचन संपवून पाळकसाहेब खुर्चीत टेकले, गायकमंडळानं लांबलचक गीत धरलं, आणि औषधवाला नेहमीप्रमाणे निघायला उठला. चर्रर्र आवाज झाला. तो मुकाट्यानं परत बसला. मग शिंपीणबाईच्या बाकावर तसाच आवाज. कुजबुज मागपर्यंत गेली, आणि त्यानंतर कुणी हलेना. कपडे सगळ्यांनाच प्यारे.

गीत संपलं. शेवटच्या प्रार्थनेसाठी पाळकसाहेब उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ते तिच्यासकट खाली बसले. प्रार्थनेचा कागद पलीकडच्या मेजावर. सगळं चर्च त्यांच्याकडे बघतंय, पहिल्या बाकावरून बायकोसुद्धा.

त्यांनी डोळे मिटले. पाठ केलेलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

"देवा," शेवटी ते म्हणाले, "आज आम्हाला पळता येत नाहीये. मलाही नाही. किती दिवसांत मी तुझ्याशी बोललोच नाही, नुसतं वाचत आलो."

कुणीतरी खुदकन हसलं. मग शिंपीणबाईचा आवाज आला. "देवा, सासूबाई रात्रभर कण्हतात. त्यांना झोप लागू दे. आणि मला चिडू देऊ नकोस." औषधवाला "माझा भाऊ..." एवढंच म्हणाला. शेजाऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

नंतर फोन करून बोलावलेला रंगारी आला आणि पुटपुटत एकेकाला सोडवत गेला. पाळकसाहेबांना सगळ्यांत शेवटी सोडवलं, मुद्दामच असावं. जाताना त्यानं विचारलं, "दुसरा हात मारायचाय. येत्या रविवारच्या आधी मारू की नंतर?"

"आधीच मार," औषधवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

"नंतर," पाळकसाहेब म्हणाले.

पुढच्या रविवारी ते कागदाशिवाय उभे राहिले. अडखळत प्रार्थना केली, आशीर्वाद दिला. कुणीच उठलं नाही. ते खाली आले आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं पहिल्या बाकाच्या कडेवर बोट फिरवलं.

"कोरडं आहे हो," बायको हळूच म्हणाली आणि थोडी सरकली. "बसा तुम्हीपण जरा."