कुवाबारांचे दोन

वेदना ही ज्याची त्याची खाजगी बाब असली, तरी तिचा आकडा सार्वजनिक असावा लागतो; एरवी तक्ता काढता येत नाही.

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका व्यायामवर्गात हे तत्त्व कसोशीने पाळलं जाई. मांडीला हवेचा पट्टा आवळायचा, रक्ताची वाट अडवायची आणि नातवालाही झेपेल एवढं वजन पायाने उचलत राहायचं. (वजन हलकं म्हणून व्यायाम सोपा, असं माहितीपत्रक म्हणतं. माहितीपत्रकाला मांडी नसते.) मग वर्ग घेणाऱ्या शिनोझाकी मॅडम विचारत, "श्रम किती? दुखणं किती? शून्य ते दहा."

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर निवृत्त विभागप्रमुख कुवाबारा इथे पत्नी फुमिएबाईंसह दाखल झाले. पहिल्याच दिवशी मांडीत निखारे फुलले, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दोन," ते म्हणाले. हुद्द्याला शोभेल असा याहून मोठा आकडा त्यांना ठाऊक नव्हता.

"नऊ," शेजारून फुमिएबाई निवांत म्हणाल्या.

"अगं, चारचौघांत काय हे!"

"मग काय, घरी जाऊन कण्हू?"

काही आठवडे गेले. शरीर मोठं निर्लज्ज, सोसायला शिकतं. तोच पट्टा, तेच वजन, पण फुमिएबाई नवावरून चारावर उतरल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या. कुवाबारांचं दुखणंही खरोखरच ओसरलं होतं.

"दोन!" ते हर्षभराने म्हणाले.

मॅडमनी सुस्कारा सोडला. "प्रगती काहीच नाही. कुवाबारासान, सोमवारपासून तुम्ही खुर्चीवर्गात." (खुर्चीवर्गात फुगे टोलवतात.)

कुवाबारांना घाम फुटला. एकीकडे अब्रू, दुसरीकडे फुगे.

"मॅडम... पहिल्या दिवशी नऊ होतं." थोडा विचार करून ते म्हणाले, "साडेनऊ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोपेक्षा अडीचने जास्त प्रगती!

घरी परतताना फुमिएबाईंनी विचारलं, "अहो, इतकी वर्षं माझ्या मिसो सूपला 'छान' म्हणत आलात. ते किती होतं?"

सत्याची चटक नवी होती. "चार," कुवाबारा म्हणाले.

फुमिएबाई पोट धरधरून हसल्या. "मला तीनच वाटायचं! उद्यापासून तुम्ही करा."

दुसऱ्या दिवशी कुवाबारांनी सूप केलं. फुमिएबाईंनी एक घोट घेतला, वाडगा हळूच खाली ठेवला आणि गोड हसून म्हणाल्या, "छान झालंय."

तेव्हा वाचकहो, ही गोष्ट कशी वाटली ते कृपया आकड्यातच कळवा. 'छान' म्हणजे किती, ते आता आम्हाला कळलं आहे.