खुर्चीला विचारून

सूनबाईने घराची पार रया घालवली होती. उजेड परतवायला परात चकचकीत कागदात गुंडाळून खिडकीशी उभी, धुतलेल्या चादरी दोरीवर पडद्यासारख्या, आणि सासूबाईंच्या काठीला माइक बांधलेला. नऊ वर्षांत "हो, आई"पलीकडे शब्द न काढलेली ही पोरगी सिनेमा काढत होती, आणि तो आज पाचच्या आत महोत्सवाला पाठवायचा होता.

"स्वतंत्र सिनेमा आहे, आई."

"परात माझी, चादरी माझ्या, काठी माझी. स्वतंत्र कुठून आला?"

"वस्तू कुणाच्याही असोत. डोक्यावर साहेब नाही. काय ठेवायचं, काय कापायचं, शेवटचा शब्द माझा."

"या घरात?" सासूबाई मनापासून हसल्या.

एकच दृश्य उरलं होतं: सासऱ्यांची रिकामी खुर्ची, तीन मिनिटं, आवाज नाही. ते जाऊन दोन वर्षं झाली तरी तिच्यावर कुणी बसत नसे. फ्रिजची घरघर नको म्हणून सूनबाईने तो सकाळीच बंद केला आणि विसरली.

दुपारी दूध नासलं. सासूबाई पातेलं घेऊन तरातरा बाहेर आल्या. सूनबाई चादरीमागे श्वास रोखून बसलेली. कॅमेरा चालू होता, पण सासूबाईंच्या लेखी तो पसाऱ्यातलाच एक. खोलीत माणूस दिसेना, तशा त्या खुर्चीपाशी गेल्या आणि पदराने तिचा हात पुसू लागल्या.

"बघितलंत? तुमच्या लाडक्या सुनेनं दोन लिटर दूध नासवलं. घेऊ का चांगली फैलावर?" मग कान दिल्यासारख्या थांबल्या. "बरं, बरं. नाही बोलत."

सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा हल्ली सुरू होता होता थांबतो कसा, हे सूनबाईला दोन वर्षांचं कोडं होतं. ते चादरीमागे सुटलं, आणि तिला नाक ओढायचीही सोय नव्हती.

पावणेपाचला सासूबाईंनी ते दृश्य पाहिलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"काप हे! मी खुर्चीला विचारून घर चालवते हे लोकांना कळलं, तर मला कोण भीक घालील?"

"नाही, आई."

दारातून डोकावणारा सूनबाईचा नवरा मागच्या मागे गडप झाला.

"काय म्हणालीस?"

"तुम्हाला नको असेल तर सिनेमाच पाठवत नाही. पण पाठवला तर हे असणार." सूनबाईची मान ताठ होती.

सासूबाई खुर्चीकडे बघत राहिल्या. पाचला चार मिनिटं उरली, तीन उरली. मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि सुनेकडे वळल्या.

"पाठव. ते पहिल्यापासून तुझ्याच बाजूचे. आणि मला तोंडावर 'नाही' म्हणालीस ना, तिथंच तुझा सिनेमा स्वतंत्र झाला, बाई. आता तो फ्रिज चालू कर. आणि दुधाबद्दल मी तुला चांगली बोलणार आहे, या वेळी कुणालाही न विचारता!"