डगलेवाल्याचं बोट

"अमेरिकेत मी माणूस उडताना बघितला! या दोन डोल्यांनी!"

पनवेलच्या कोळीवाड्यातल्या दयारामनं बोटीवरून सुट्टीवर आल्या-आल्या बंदराच्या धक्क्यावर छातीवर हात मारून हे जाहीर केलं, आणि तिथंच सगळं बिघडायला सुरुवात झाली. बाकीचे खलाशी परदेशातून घड्याळं आणतात, बायकांना झुळझुळीत साड्या आणतात. दयारामनं आईसाठी एक थर्मास आणला (तिनं त्यात लगोलग सुकट भरून ठेवली) आणि स्वतःसाठी ही गोष्ट.

त्याचं असं झालं होतं. बोटीचं इंजिन बिघडलं म्हणून ती अमेरिकेच्या एका बंदरात अडकून पडली. तिथं खलाशांसाठी एक विश्रांतीघर होतं आणि त्या घरात एक पेटी होती. पेटीला समोरून काच. काचेच्या आत माणसं! करड्या रंगाची, वीतभर उंचीची, पण चालणारी-बोलणारी!

"म्हंजे शिनेमाच म्हन ना," बुधाजी म्हणाला. हा दयारामचा लहानपणचा दोस्त, मिठागरावर कामाला.

"शिनेमाला आपन जावाचा. ही मानसा घरात येतात!"

"घरात? मग त्याना च्या इचारावा लागतो काय रं?"

दयारामनं त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलं. त्या पेटीत दर शनिवारी डगलेवाला यायचा. तोंडावर काळा मुखवटा, खांद्यावरून पोटरीपर्यंत काळा डगला. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर असा अलगद उतरायचा, की खालच्या माणसाच्या डोक्यावरची टोपीसुद्धा हलायची नाही. तो कोण, कुठला, दिवसा काय करतो, कुणाला पत्ता नाही. चोरी झाली की येणार, चोर दाखवणार आणि निघून जाणार.

एका शनिवारची गोष्ट तर फारच रंगली होती. टेकडीवर एक हवेली. हवेलीत श्रीमंत म्हातारी आणि तिचा मोत्यांचा हार. घरात माणसं तीनच. व्यापारी भाचा, स्वयंपाक करणारा भंडारी आणि औषध द्यायला आलेला डॉक्टर. फट्कन दिवे गेले. दिवे आले तेव्हा हार गायब! दारं बंद, खिडक्या बंद! डगलेवाला आला, त्यानं तपास मांडला, तर पुन्हा दिवे गेले आणि म्हातारीची अंगठीही गायब! शेवटी डगलेवाल्यानं सगळ्यांना एका रांगेत बसवलं, काळ्या हातमोज्यातलं बोट वर केलं आणि म्हणाला, "चोर आहे…"

"कोन?" अख्खा धक्का ओरडला.

"उद्या सांगतो," दयाराम म्हणाला आणि ऐटीत घरी गेला.

आता खरं काय ते तुम्हाला सांगून टाकतो. चोर कोण हे दयारामला माहीतच नव्हतं! बोट वर झालं त्याच क्षणी तिकडे बोटीचा भोंगा झाला, आणि खलाशांचा मुकादम जो टंडेल, त्यानं दयारामला मानगुटीला धरून बाहेर ओढलं. इंजिन दुरुस्त झालं होतं. तेव्हापासून अर्ध्या जगाचा समुद्र ओलांडेपर्यंत त्याच्या झोपेत रोज ती हवेली यायची, पडदे हलायचे, बोट हळूहळू वर व्हायचं, आणि भोंगा! भोंगा झाला की गडी बिछान्यात ताडकन उठून बसायचा. आणि हो, इंग्रजी त्याला 'येस सार' एवढंच येत होतं, तेव्हा पेटीतल्या लोकांचं बोलणंही त्याचं त्यानंच रचलेलं होतं. पण एवढ्या थाटात सांगितल्यावर "मना ठाव नाय" म्हणायचं कोणत्या तोंडानं?

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बुधाजीकडे मिठागरावर गेला. काय दुपार होती! मिठाच्या पांढऱ्या राशी उन्हात तरंगत होत्या, पाण्यात आभाळ पडलं होतं, आणि वर कुठलं, खाली कुठलं, काही कळत नव्हतं. दयाराम सांगत गेला आणि फावडी हातातच राहिली. पलीकडच्या राशीवर डगलेवाला उभा आहे असं बुधाजीला खरोखर दिसायला लागलं. ती गोणपाट पांघरून बसलेली बाई होती हे त्याला सांगूनही पटेना.

"मंग? चोर कोन?"

दयारामनं सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. मिठाच्या व्यापाऱ्यावर ही मंडळी आधीच खार खाऊन होती.

"भाचा! तो व्यापारी!"

"आरं तिच्या मायला!" बुधाजीनं फावडं आपटलं. "मना वाटलाच होता!" आणि खुशीनं त्यानं दयारामला ताडी पाजली.

दयारामला वाटलं, हे बरं आहे की! संध्याकाळी बाजारपेठेत तुळशीराम वाण्यानं त्याला दुकानात बोलावून बसवलं. गरम भजी मागवली. "सांगा दयारामशेठ, चोर कोण निघाला?" आता वाण्याची भजी खाऊन व्यापाऱ्याला चोर कसं म्हणायचं? दयारामनं भंडाऱ्याचं नाव घेतलं. तुळशीरामनं समाधानानं मान हलवली. "नोकरमाणसं अशीच हो. डाळ मोजून द्यावी लागते."

आणि तिसरी खेप खाडीपलीकडच्या गव्हाणला. इथं मात्र दयारामचा जीव गुंतला होता. गव्हाणच्या सोनाबाईच्या नातीला, दमयंतीला, तो बघायला गेला होता. ती चहा घेऊन आली, कप ठेवला आणि जाताना एकदाच वळून हसली. संपलं! परत येताना खाडीतल्या होड्यांची शिडं त्याला लुगड्यांसारखी दिसत होती, आणि एका माडाला तर त्यानं रामराम केला. हीच बायको, नाहीतर जन्मभर बोटीवर, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. त्या भेटीत सोनाबाईनंही गोष्ट ऐकून घेतली. म्हातारी डॉक्टरच्या कडू औषधानं गांजलेली. तिनं विचारल्यावर दयाराम क्षणभरही थांबला नाही.

"डॉक्टर!"

"मेला!" म्हातारीनं पदर खोचला. "पोरगा हुशार हाय गो!" आणि स्थळ पसंत पडलं.

सुपारी फोडायचा दिवस ठरला. सुपारी फुटली की लग्न पक्कं, मग देवसुद्धा मोडू शकत नाही. दुपारी गव्हाणला सोनाबाईच्या अंगणात जुन्या शिडाचा मांडव घातला. वारा आला की शीड श्वास घेतल्यासारखं वर-खाली व्हायचं. दयारामकडून बुधाजी आला, गावची माणसं आली, तुळशीराम वाणीही मुद्दाम लाँचनं आला. पानसुपारीचं ताट मधोमध. सोनाबाईनं अडकित्त्यात सुपारी धरली.

तेवढ्यात बुधाजीच्या जिभेला खाज सुटली. "आजी, आमच्या दोस्तानं त्या अमेरिकेच्या व्यापाऱ्याची गोष्ट सांगली का नाय? कसा पकडला चोराला!"

"व्यापारी?" तुळशीराम वाणी म्हणाला. "काहीतरीच! चोर भंडारी होता."

"भंडारी?" मागून आवाज आला. हा दमयंतीचा मामा काशिराम. लाँचवर भंडारी म्हणून उभा जन्म गेलेला, अंगानं नारळाच्या खोडासारखा. "भंडारी चोर हाय, असा कोन म्हनला?"

"तुमचा जावईच म्हणाला! माझी भजी खाऊन म्हणाला!"

"गप रे समदे!" सोनाबाई कडाडली. "चोर डाक्टर हाय! मना सोता सांगलाय!"

झालं! बुधाजी वाण्याच्या अंगावर गेला, वाणी मामाच्या मागं लपायला गेला, मामानं त्यालाच धरला, आणि ताटातली पानं अंगणभर उडाली. दयाराम मधे उभा राहून "आरं ऐका! ऐका तरी!" करत होता, पण त्याचं ऐकणार कोण? घामानं त्याचा नवा सदरा पाठीला चिकटला.

सोनाबाईनं अडकित्ता पाटावर आपटला तेव्हा सगळे थांबले. सुपारी अजून अखंडच होती.

"एक गोस्ट आनि तीन चोर? ज्याची गोस्ट एक नाय त्याची जबान एक नाय! आनि अर्धी कहानी ठेवून शुभकार्य करावाचा नसतो. बस हितं. पयल्यापासून सांग. कहानी पुरी झाली तर सुपारी फुटंल. नायतर आलात तशी लाँच धरा!"

दयारामनं दाराकडे बघितलं. दाराआड दमयंतीची हिरवी बांगडी दिसत होती, हलत नव्हती. एक नाव घ्यायचं होतं, एकच. व्यापारी म्हटलं तर वाणी उठून जाणार, भंडारी म्हटलं तर मामा हाडं मोडणार, आणि डॉक्टर म्हटलं तर बुधाजी सगळ्यांदेखत खोटा ठरणार.

पण बसला बापडा सांगायला. आणि गंमत अशी, की सांगता-सांगता तो स्वतःच हरवला. हवेली उभी राहिली. शिडाच्या सावलीत पडदे हलले. दिवे गेले म्हटल्यावर मामानंसुद्धा डोळे मिटले. वाणी नि बुधाजी एकमेकांना चिकटून बसले. सगळं अंगण त्या करड्या काचेच्या आत गेलं होतं.

"मग डगलेवाल्यानं बोट वर केला," दयाराम म्हणाला. त्याचं बोट वर झालं. "आनि बोलला, चोर आहे…"

भों ऽ ऽ ऽ ऽ!

बंदरावर लाँचचा भोंगा झाला, आणि दयाराम ताडकन उठून पळत सुटला! मांडवाचा खांब चुकवून, कोंबड्या उडवून, थेट धक्क्याच्या वाटेनं! अर्ध्या वाटेत त्याला शुद्ध आली. वळून बघतो तर सगळं अंगण तोंड वासून त्याच्याकडे बघतंय. खाली मान घालून तो परत आला.

"येडा हाय काय गो ह्यो?" मामानं विचारलं.

"येडा नाय." दारातून आवाज आला. दमयंती बाहेर आली होती. "आजी, ह्यांनी शेवट बघलाच नाय. तिकडंबी भोंगा झाला नि ह्यांना उठावा लागला. नाय ओ?"

दयारामला वाटलं, भरती यावी आणि आपल्याला घेऊन जावी. "व्हय," तो म्हणाला. "मना ठाव नाय चोर कोन. खोटा बोललो. तिघांशीबी खोटा बोललो."

सोनाबाईनं सुपारी अडकित्त्यातून काढली आणि पुन्हा ताटात ठेवली. दयारामच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"थांब आजी," दमयंती म्हणाली आणि दयारामकडे वळली. "दिवे गेले तवा भाचा कुठं होता?"

"खुर्चीत. दिवे आले तवाबी खुर्चीतच."

"भंडारी?"

"त्याच्या दोनी हातांत परात."

"डाक्टर?"

"म्हातारीची नाडी धरलेली."

"नि दुसऱ्या वक्ताला दिवे गेले तवा डगलेवाला कुठं होता?"

दयाराम आठवू लागला. काच, हवेली, खुर्च्यांची रांग. "तो… तो नव्हता. दिवे आल्यावर दारातून आला."

"मग बोट ज्याचा, चोर तोच."

"नाय!" बुधाजी कळवळून ओरडला. "डगलेवाला? आमचा डगलेवाला?" त्याला खरंच रडू कोसळलं. मिठाच्या राशीवर रोज दुपारी त्यानं त्याला बघितलं होतं हो! पण बाकीच्यांचे चेहरे उजळले. व्यापारी सुटला, भंडारी सुटला, डॉक्टरसुद्धा सुटला. वाण्यानं मामाची पाठ थोपटली, मामानं वाण्याची टोपी झटकून दिली.

सोनाबाईनं नातीकडे बघितलं आणि ताटातली सुपारी पुन्हा अडकित्त्यात धरली. मग म्हणाली, "सुफल संपूरन!" आणि खट्कन सुपारी फुटली.

लग्न झालं. पुढच्या खेपेला दयारामची बोट पुन्हा त्याच बंदराला लागली. विश्रांतीघरात तीच पेटी, आणि एका शनिवारी तीच जुनी गोष्ट त्यांनी परत लावली! दयाराम काचेला नाक लावून बसला. हवेली, दिवे, रांग. बोट वर झालं. या वेळी भोंगा झाला नाही. खिडकीची काच फुटली आणि दुसरा डगलेवाला आत उतरला! अगदी अलगद, पडदासुद्धा न हलवता. त्यानं बोटवाल्याचा मुखवटा ओढला. आत कुणी भलताच माणूस होता, आणि त्याच्या डगल्याच्या खिशातून मोती घरंगळत बाहेर आले. बोट ज्याचं, चोर तोच! दयाराम कितीतरी वेळ त्या विझलेल्या काचेपुढं बसून राहिला. त्याला गव्हाणचं अंगण आठवत होतं, हिरवी बांगडी आठवत होती, आणि एवढ्या लांबून आपल्या बायकोनं हे कसं बघितलं तेच त्याला कळत नव्हतं.

पण घर जवळ आलं तसा तो सावध झाला. आधीच घरात तिचंच चालतं. हे सांगितलं तर मग आयुष्यभर बोलायची सोय नाही! बुधाजीला गुपचूप सांगावं, त्याचा डगलेवाला निर्दोष आहे म्हणून, आणि घरात मात्र चूप बसावं, असं त्यानं ठरवलं.

दमयंतीनं भाकरी वाढली, बोंबलाचं कालवण वाढलं आणि समोर बसली.

"ती पेटी बघलीव परत?"

"बघली."

"मग? चोर कोन निघाला?"

"काय सांगू," दयाराम घास मोडत म्हणाला. "पुन्ना भोंगा झाला."

दमयंतीनं त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या पाटाकडे बघितलं.

"खोटा. भोंगा झाला असता तर नुसता सांगतानाबी तुमी आता ताडकन उठून उभं ऱ्हायला असता."

दयाराम पाटावर घट्ट बसलेला होता. त्यानं घास गिळला आणि थोडं कालवण मागितलं.